शेवटच्या खांबावरचं जपान

माझ्या धाकट्या भावाने आईसाठी जपानहून भात शिजवण्याचं यंत्र आणलं. आमच्या गोंदिया जिल्ह्यात. आमच्याकडे लोक धान लावतात, कापतात, भरडतात, विकतात आणि उरलेल्या वेळात भात खातात. अशा ठिकाणी विमानाने भाताचा कुकर आणणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते मला सुचेना. "तांदूळ तरी नाही ना आणलास तिकडून?" एवढंच मी विचारलं. त्याने आणला होता. पाकीटभर.

पण कुकर त्याने हौसेने आणला नव्हता. आदल्या पावसाळ्यात आईला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं शाबूत राहिलं, गरजेपेक्षा जास्तच शाबूत राहिलं. चालणंही सुधारलं. उजव्या हातातलं बळ मात्र परत आलं नाही. आईचं घर आमगावपासून सात-आठ किलोमीटर आत, आणि त्या घरात ती एकटी. भाजी-वरण ती डाव्या हाताने निभावून न्यायची. अडायचं ते भातापाशी. आमच्याकडे भात गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळून वरची पेज काढतात, आणि उकळत्या पेजेने भरलेला गंज एका हाताने कलता करणं हे काही खायचं काम नाही. दिवाळीनंतर एकदा गंज निसटला आणि पेज तिच्या पायावर सांडली. दीड महिना ती मलम लावून बसली होती. प्रेशर कुकरचं नाव काढायची सोय नव्हती, कारण त्याचं झाकण लावायला दोन्ही हात धड लागतात.

मी गोंदियाला राहते, एका शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. दोन खोल्या आहेत, त्यातली एक मी आईसाठी रिकामी करून ठेवली होती. खाट आणली, खिडकीला जाळी बसवली, न्हाणीत धरायला दांडी लावून घेतली. आईने येऊन सगळं पाहिलं, दांडी धरून पाहिली, छान आहे म्हणाली आणि दुपारच्या गाडीने परत गेली.

पाय भाजल्यावर मात्र मी हट्टालाच पेटले. भाऊ, मी आणि आई अशी फोनवर तिघांची बैठक झाली आणि एक करार ठरला. अक्षय तृतीयेपर्यंत आई स्वतःचा भात स्वतः, कुठेही भाजून न घेता, रांधू शकली तर ती आपल्या घरी राहील. नाही जमलं तर अक्तीचं, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय तृतीयेचं, गोडधोड खाऊन ती गोंदियाला माझ्याकडे येईल, कायमची. आई म्हणाली, "चालते." आणि सगळ्यांच्या आधी तिने फोन ठेवला.

आणि मग फेब्रुवारीत भाऊ तो कुकर घेऊन आला.

कुकर दिसायला देखणा होता. पांढराशुभ्र, गुळगुळीत, झाकण एका बोटाने उघडायचं. तांदूळ घाला, रेघेपर्यंत पाणी घाला, बटण दाबा आणि बाजूला व्हा. पेज काढणं नाही, उचलणं नाही, वाकणं नाही. भात झाला की तो एक छोटीशी धून वाजवायचा. त्याच्या वायरीला दोन चपट्या पिना होत्या. भावाने खिशातून एक ठोकळा काढला, त्या पिना त्यात खुपसल्या आणि ठोकळा आमच्या भिंतीतल्या बोर्डात बसवला.

"अरे, पण तिकडची वीज आणि इकडची वीज..." मी म्हणाले.

"ताई, माझा लॅपटॉप इथं चालून राहिला ना? फोन चार्ज होऊन राहिला ना? मग हा काऊन नाही चालणार?" माझा भाऊ कॉम्प्युटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे. ठोकळ्याने पिनेचा आकार बदलतो, वीज बदलत नाही, हे आठवीच्या पोरांना मी दरवर्षी सांगते. पण मी पुढे काही बोलायच्या आत त्याने बटण दाबलं होतं.

आणि कुकर चालला. चाळीस मिनिटांनी धून वाजली, झाकण उघडलं, आत मोकळा, पांढरा, वाफाळता भात. आईने वाकून आत पाहिलं, मग कुकरच्या मागे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"पेज कुठं गेली?" तिने विचारलं.

"पेज निघतच नाही त्यात. भातातच जिरते."

"म्हणजे हाच पिते का?" आईने कुकरकडे संशयाने पाहिलं. मिठाची चिमूट टाकून गरम पेज प्यायची तिची रोजची सवय. पण करार करार होता. सहा दिवस रोज अकरा वाजता तिने कुकरमध्ये भात लावला, सहा दिवस धून वाजली, दर वेळी तिने वायर काढून ठेवली आणि भाऊ छाती फुगवून जपानला परत गेला.

रविवारी मी गावी गेले. कुकर पुसायला म्हणून उलटा केला तर बुडाला एक कागद चिकटवलेला. अक्षरं सगळी जपानी, पण आकडे कुणालाही वाचता येतील असे. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, शंभर व्होल्ट.

आपल्याकडे घरात दोनशे तीस येतात. विजेचा दाब सव्वादोन पट झाला की उष्णता सव्वादोन पट होत नाही, पाच पट होते. म्हणजे हा कुकर पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटाला जळायला हवा होता. तो सहा दिवस भात शिजवत होता. वीस वर्षं मी जे शिकवत आले ते माझ्याच आईच्या स्वयंपाकघरात खोटं ठरत होतं. आनंद व्हायचा तर मला राग आला.

आमगावात मोटारी बांधणारा एक माणूस आहे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून तो नवी गुंडाळतो. सगळे त्याला वायंडिंगवाला म्हणतात. मी त्याला फोन केला. जपानी वस्तू म्हटल्यावर तो जेवणावरून उठून मोटारसायकलने आला. त्याने बोर्डात मीटरच्या दोन सळया घातल्या, आकड्याकडे पाहिलं, मीटर हातावर आपटलं, परत पाहिलं.

"एकशे सात," तो म्हणाला. मग आईकडे वळून म्हणाला, "मावशी, तुमच्या घरी जपान आहे जी."

नंतर त्याने समजावून सांगितलं तेव्हा इतकं सोपं निघालं की मला लाज वाटली. दिवस उन्हाळी धानाचे. गावची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जुनी आणि लहान. तिच्यावर अर्ध्या शिवाराच्या मोटारी. आणि आमचं घर लाईनीच्या अगदी शेवटच्या खांबावर. सकाळी शेताची लाईन आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि आमच्या घरापर्यंत येतायेता विजेचा जीव निम्म्यावर येतो. टीव्ही बंद पडतो, पंख्याची पाती मोजता येतात, बल्ब नुसता लालसर दिसतो. या अंधारलेल्या, मरगळलेल्या विजेवर गावात एकच वस्तू दिमाखात चालत होती, ती म्हणजे माझ्या आईचा कुकर. त्याला जपानमध्येही एवढं घरच्यासारखं वाटलं नसेल.

"पण मोटारी बंद झाल्या की?" मी विचारलं.

"मग दोनशे चाळीस. मग हा गेला." त्याने ठोकळा ओढून बाजूला ठेवला. "आणि उद्यापासून लाईन रातपाळीची."

शेताच्या लाईनीचा एक आठवडा दिवसाचा, एक रात्रीचा असतो. म्हणजे दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता आईने बटण दाबलं असतं आणि करार तिथेच संपला असता. माझ्या मनात काय आलं ते सांगितलंच पाहिजे. मला वाटलं, हा फोन मी उद्या दुपारी केला असता तर?

पण वरकरणी मी म्हणाले, "भाऊ, दोनशे तीसचे शंभर करून देणारा ट्रान्सफॉर्मर बांधून द्या ना."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, तीस वर्षं झाली मी या तालुक्यात. लोक येतात, रडतात, म्हणतात भाऊ, व्होल्टेज वाढवून द्या. फ्रीजसाठी वाढवून द्या, पंख्यासाठी वाढवून द्या. कमी करून द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मग तो मांडी घालून बसला आणि त्याने मला, विज्ञानाच्या बाईला, धडा दिला. लॅपटॉपचा चार्जर हुशार असतो. शंभर द्या, दोनशे चाळीस द्या, येईल ती वीज तो आधी सरळ करतो, तिचे बारीक तुकडे करतो आणि लागेल तेवढेच पुढे सोडतो. म्हणून भावाचा लॅपटॉप सगळीकडे चालला. कुकरच्या पोटात बिचारी नुसती तापणारी तार. जेवढं ढकलाल तेवढी तापेल. आणि ट्रान्सफॉर्मर? त्याला स्वतःची अक्कल नाही. एका बाजूला तेवीस वेढे, दुसऱ्या बाजूला दहा, की जे येईल त्याचे तेवीसातले दहा हिस्से तो पुढे देणार. दोनशे तीस आले तर शंभर. पण या घरी एकशे सात आले तर सेहेचाळीस.

"सेहेचाळीसवर तांदूळ भिजतील फक्त," तो म्हणाला. "इथं एका तासात एकशे सात, एकशे चाळीस, दोनशे चाळीस, सगळे येऊन जातात. आपलं आपण जमवून घेणारा बांधावा लागेल. पंधरा दिवस द्या."

उन्हाळी धानाच्या हंगामात वायंडिंगवाल्याचे पंधरा दिवस म्हणजे किती, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कमी दाबाने मोटारी जळतात आणि त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. जाताना तो आपलं जुनं मीटर आईजवळ ठेवून गेला. एकशे पंधराच्या खाली असेल तरच कुकर लावायचा, वर असेल तर हात लावायचा नाही, एवढं त्याने तिला तीनदा बजावलं.

इथून पुढचे दोन महिने माझ्या आईने गावच्या विजेवर राज्य केलं.

रातपाळीच्या आठवड्यात ती पहाटे उठून, मोटारी बंद व्हायच्या आत भात लावायची. दिवसाच्या आठवड्यात अकराला. पण मोटारी काही तिच्या भातासाठी चालत नव्हत्या. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी भरलं की तो मोटार बंद करायचा, आणि एक मोटार बंद झाली की आमच्या घरी दहा-बारा व्होल्ट चढायचे. त्यावर आईने उपाय काढला. आजकाल शेतातली मोटार घरून मोबाइलवर सुरू करता येते. शेजारचे काका, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, यांची मोटार गावात सगळ्यांत मोठी. आई मीटरसमोर पाट टाकून बसायची आणि डाव्या हाताने फोन लावायची.

"भाऊजी, एकशे एकवीस झाले. मोटार लावा."

"वहिनी, आताच बंद केली ना जी. बांधीत पाणी मावून नाही राहिलं."

"चाळीस मिनिटं चालू द्या. माया भात व्हाचा आहे."

काका मोटार लावायचे. माझ्या आईला नाही म्हणणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा आहे. पुढे पुढे बोलणंही संपलं. एक मिस कॉल म्हणजे लावा, दोन म्हणजे भात झाला, बंद करा. कुकरची धून वाजली की आई दोनदा फोन वाजवायची आणि तिकडे शिवारात मोटार थांबायची. एकदा धून वाजली पण आई शेजारणीशी बोलत बसली, दुसरा मिस कॉल राहून गेला, आणि काकांच्या बांधीची पाळ फुटून पाणी खालच्या शेतात घुसलं. खालचा शेतकरी भांडायला आला. काकांनी त्याला शांतपणे सांगितलं, "वहिनीचा भात होऊन राहिला होता." तो मान हलवून परत गेला. यात काही वावगं आहे असं कुणालाही वाटलं नाही, आणि ऐकून डोकं धरून बसणारी मी एकटीच होते.

आई रोज तीन वेळा मीटर बघायची आणि एका जुन्या वहीत आकडा लिहून ठेवायची. तारीख, वेळ, व्होल्ट. डाव्या हाताचं अक्षर सुरुवातीला कोंबडीने पाय ओढल्यासारखं होतं. मार्चअखेरीस ते वाचता येऊ लागलं, एप्रिलमध्ये तर माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा बरं. ती तरतरीत दिसायला लागली. सकाळी उठायला तिला कारण मिळालं होतं.

आणि मी? मी दर रविवारी गाडीने आमगावला उतरायचे, तिथून ऑटो धरायचे आणि सगळी वाट माझ्या मनात एकच असायचं, आज तो कुकर बंद पडलेला असावा. आईला काही होऊ नये, भाजू नये, फक्त कुकर जळावा. घरात शिरले की धून ऐकू यायची आणि मी हसून म्हणायचे, "वा! झाला का भात?" गोंदियाला परतल्यावर त्या रिकाम्या खोलीतली चादर मी दर आठवड्याला धुवायचे. कुणी झोपलेलं नसायचं तिच्यावर, तरी धुवायचे.

एप्रिलच्या मध्यावर काका आईकडे बसले होते. त्यांची मोटार त्या हंगामात दुसऱ्यांदा जळाली होती. डीपी बदला म्हणून गावाने वर्षानुवर्षं अर्ज दिले होते, आणि दर वेळी तोंडी तक्रारीला पुरावा काय असं विचारलं जायचं. काकांची नजर त्या वहीवर पडली. त्यांनी ती चाळली. दोन महिने, रोज तीन आकडे, एकही दिवस चुकलेला नाही. एकशे सात, एकशे नऊ, एकशे तीन. काका वही काखेत मारून थेट वीज कार्यालयात गेले.

तिथले साहेब म्हणे वही वाचता वाचता उभेच राहिले. अर्धांग झालेली एक म्हातारी डाव्या हाताने रोज तीनदा व्होल्टेज लिहिते, यामागे केवढी तळमळ असेल असं त्यांना वाटलं असावं. ही वही वर कुठे गेली तर आपलं काय, असंही वाटलं असावं. ती व्होल्टेज कमी राहावं म्हणून जिवाचा आटापिटा करते आहे, हे काकांनी सांगितलं नाही. आठ दिवसांत नवी डीपी गावात आली. इतक्या वर्षांचं काम आठ दिवसांत झालं. क्रेनमागे अख्खं गाव चालत होतं.

अक्षय तृतीयेला चार-पाच दिवस उरले होते. नवी डीपी सुरू करायचा मान आईला द्यायचं ठरलं, म्हणून मी रजा टाकून गेले. खांबाला हार घातला होता, खाली रांगोळी काढली होती. साहेबांनी आईला "माताजी" म्हटलं, तिची वही उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि असे जागरूक ग्राहक गावोगावी हवेत असं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने डाव्या हाताने नारळ फोडला, एका फटक्यात. मला तिचा अभिमान वाटला. लाईनमनने वर खटका टाकला.

सगळ्या गावात एकदम उजेड झाला. भर दुपारी घराघरांतले बल्ब पांढरे पेटले, पंखे गरगरले, कुणाच्या तरी टीव्हीवरचा हिंदी बातमीदार ओरडायला लागला. लोक नाचायच्या बेतात होते. तेवढ्यात आमच्या घराकडून फट्ट असा आवाज आला. कुणीतरी फटाका लावला असं वाटून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आईने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. निघताना मीटर एकशे चार दाखवत होतं, म्हणून तिने भात लावला होता. पाहुण्यांना जेवू घालायचं होतं. मध्येच जोडणीसाठी लाईन बंद केली, आणि नारळाच्या गडबडीत कुकर तसाच लावलेला राहिला. नवी डीपी म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

घरात जळक्या रबराचा वास भरला होता. आईने एका बोटाने झाकण उघडलं. वरचा भात अर्धा कच्चा, खालचा कोळसा. झटका आला तेव्हा ती रडली नव्हती, पाय भाजला तेव्हा रडली नव्हती. आता ती चुलीपाशी बसली आणि ढसाढसा रडली. मी तिला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला आनंद झाला होता. लिहायला जड जातं, पण झाला होता.

त्याच वेळी दारात मोटारसायकल थांबली. वायंडिंगवाला पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आत आला. दोन महिन्यांनी त्याचे पंधरा दिवस पूर्ण झाले होते. त्याने ते जड धूड जमिनीवर ठेवलं, बोर्डाला जोडलं, मीटर लावलं.

"बघा मॅडम! वर कितीही येवो, खाली शंभर. बरोबर शंभर." तो आनंदाने म्हणाला. मग त्याचं लक्ष कुकरकडे गेलं. आम्ही सगळे बराच वेळ त्या शंभर आकड्याकडे पाहत बसलो. फार सुरेख काम केलं होतं त्याने.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, दुसरा कुकर पाठवतो. "नको," मी म्हणाले. जरा जास्तच घाईने म्हणाले. आईने करार मोडला नाही. अक्ती रविवारी होती, ती झाली की संध्याकाळी मी गाडी करून येईन आणि तिला घेऊन जाईन असं ठरलं. ती फक्त "बरं" म्हणाली.

शनिवारी माझी शाळा सकाळची असते. दुपारी घरी आले तर आई माझ्या जिन्याच्या पायरीवर बसलेली. एकटी. मांडीवर एक खोकं, सुतळीने बांधलेलं, गोंदियाच्या बाजारातल्या दुकानाचं. मला वाटलं मी उन्हाने चक्रावले.

"माय! तू कशी आलीस?"

"गाडीनं. मंग ऑटोनं. कशी येईन?" ती कठडा धरून उठली. "दार उघड. उन्हात बसली मी कवाची."

आत येऊन तिने खोकं ओट्यावर ठेवायला लावलं. दातांनी सुतळी सोडली, आतून कुकर काढला. साधा, ॲल्युमिनियमच्या भांड्याचा, आपल्याकडे मिळतो तसा. त्याच्यावर मोठ्या आकड्यात लिहिलं होतं, दोनशे तीस. तिने डब्यातून तांदूळ घेतले, डाव्या हाताने धुतले, पाणी घातलं, बटण खाली केलं. मी तिला मदत करायलाही पुढे झाले नाही. अर्ध्या तासाने बटण टक्कन वर आलं. तिने मला बसवलं, ताट घेतलं, भात वाढला. अक्ती उद्या होती, आणि करार तिने पुरा केला होता.

"वायंडिंगवाला भाऊ सांगे," ती म्हणाली. "मावशी, कायले रडता, म्हणे, गोंदियात आपल्या विजेवर चालणारा भेटते. दोन महिने त्यालेई नाई सुचलं पाहा. भाऊजीले नाई सुचलं. जपानवाल्याले नाई सुचलं. सारे व्होल्टेज मोजत राहिलो." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुले सुचलं होतं का?"

आईशी खोटं बोलता येत नाही असं नाही. मी आयुष्यात बऱ्याचदा बोलले आहे. त्या दिवशी जमलं नाही.

"सुचलं होतं," मी म्हणाले.

"कवा?"

"भावाने खोकं उघडलं तेव्हाच."

रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पदराने ओट्याचा काठ पुसला, नसलेला डाग पुसावा तसा.

"तुले मी इथं पायजे होती तं तसं म्हणाचं होतं ना व बाई," ती म्हणाली. "मी नाई म्हटलं असतं. पन म्हणाचं होतं."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. माझ्या लक्षात आलं की एवढ्या महिन्यांत मी तिच्या पायाबद्दल बोलले, हाताबद्दल बोलले, गंजाबद्दल, पेजेबद्दल, न्हाणीतल्या दांडीबद्दल बोलले. हे एक वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं.

"माय," मी म्हणाले, "राह ना इथं. मला एकटीला करमत नाही."

"नाई," आई म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.